म्हाताऱ्या कुत्र्याचा कुशिंग रोग व त्यावरील उपचार

आपल्या मासिकांत बैल, म्हैस, शेळी यांच्या रोगांविषयीं वेळोवेळीं लेख येतात. परंतु रात्रभर खळ्याची व गोठ्याची राखण करणाऱ्या कुत्र्याविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. कुत्रा म्हातारा झाला म्हणजे त्याला जें कांहीं होईल तें वयाच्या खातीं टाकावयाचें, अशी आपली रीत आहे. मींहि तसेंच केलें होतें. ती चूक कशी लक्षांत आली व पुढें काय करावें लागलें, हें इतर शेतकरी बंधूंच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून चार ओळी लिहीत आहें.

अक्कलकोटाजवळच्या माझ्या वस्तीवर कारवानी वळणाचा एक कुत्रा आहे. दोन वर्षांपूर्वीं, तो अकरा वर्षांचा असतां, उन्हाळ्यांत फार पाणी पिऊं लागला. ऊन कडक आहे, असें म्हणून मी स्वस्थ राहिलों. मृगाचा पाऊस झाला, हवा गार झाली, तरी त्याची तहान कमी होईना. रात्रीं तो पडवींत लघवी करूं लागला. जन्मांत त्यानें असें केलें नव्हतें. घरांत कुरकुर सुरू झाली, तेव्हां मी दिवेलागणीनंतर त्याचें पाण्याचें भांडें उचलून ठेवूं लागलों. एके पहाटे तो गुरांच्या हौदाखालचा चिखल चाटतांना दिसला, तेव्हां मला माझीच लाज वाटली. रोगी जनावराचें पाणी तोडणें हा उपाय नव्हे. लघवी फार होते म्हणून तहान लागते. पाणी तोडल्यास लघवी थांबत नाहीं, जनावर मात्र सुकतें.

दुसरीं लक्षणेंहि होतीं. पण त्यांचा अर्थ आम्ही उलटा लावीत होतों. भाकरीवर तो तुटून पडे व पोट मडक्यासारखें सुटलें होतें, म्हणून मंडळी म्हणत, कुत्रा चांगला पोसला आहे. वास्तविक त्याच्या मांड्या वाळल्या होत्या व ओट्यावर उडी मारण्याचें बळ उरलें नव्हतें. दोन्ही कुशींवरील केस सारखेच विरळ झाले होते, कातडी पातळ पडली होती, आणि सावलींत बसूनहि तो धापा टाकी.

या रोगास कुशिंगचा रोग म्हणतात. अमेरिकेंतील शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग (१८६९-१९३९) यांनीं माणसांतील हा रोग १९१२ सालीं वर्णिला व १९३२ सालीं त्याचा संबंध मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूषिका ग्रंथीशीं जोडून दाखविला. माणसांत तो विरळा आहे. म्हाताऱ्या कुत्र्यांत मात्र बऱ्याच वेळां आढळतो.

त्याचें मूळ असें. प्रत्येक मूत्रपिंडाजवळ एक लहान ग्रंथि असते. तिच्यांतून कॉर्टिसॉल नांवाचा रस रक्तांत मिसळतो. संकटाच्या वेळीं शरीरास तो अवश्य आहे. किती रस सोडावा याचा हुकूम पीयूषिका देते. कचेरींतून हुकूम सुटावा, तलाठ्यानें वसुली करावी, आणि वसुली पुरी झाल्याचें कळतांच कचेरीनें तगादा थांबवावा, तशी ही व्यवस्था आहे. पीयूषिकेंत बारीकशी गांठ झाली म्हणजे वसुली पुरी झाली तरी तगादा थांबत नाहीं, व रस अतोनात वाढतो. शंभरांतील सुमारें ८० ते ८५ कुत्र्यांत रोगाचें कारण हेंच असतें. उरलेल्यांत गांठ मूत्रपिंडाजवळील ग्रंथींतच असते; म्हणजे तलाठीच हुकुमावांचून वसुली करीत सुटतो.

तिसरा प्रकार आपण माणसें निर्माण करितों. खाज सुटली कीं दुकानांतून प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, डेक्सामेथासोनची सुई किंवा बीटामेथासोनचें मलम आणून महिनोन्‌महिने वापरावयाचें, असा प्रघात खेडोपाडीं पडला आहे. हीं औषधें कॉर्टिसॉलच्याच जातीचीं असल्यामुळें रोगाचीं सर्व लक्षणें उत्पन्न होतात. अशा वेळीं औषध एकदम बंद करणेंहि घातक आहे. कारण बाहेरून रस मिळत राहिल्यानें कुत्र्याच्या स्वतःच्या ग्रंथि आळसावलेल्या असतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानें मात्रा हळूहळू उतरवीत न्यावी.

फार पाणी पिणें हें एकट्या कुशिंगचेंच लक्षण नव्हे. मधुमेहांतहि तहान वाढते, पण जनावर खाऊनहि रोडावतें व लघवींत साखर सांपडते. मूत्रपिंडें निकामी होऊं लागलीं असतांहि पाणी फार लागतें, परंतु तेथें बहुधा भूक मंदावते. कुत्रीच्या गर्भाशयांत पू झाला असतांहि तहान वाढते. त्या स्थितींत एक दिवसाचाहि विलंब करूं नये. म्हणून केवळ डोळ्यांनीं पाहून निदान ठरवूं नये.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीं मालकानें एक काम घरीं करावें. सकाळीं मोजून पाणी ठेवावें, दुसऱ्या सकाळीं उरलेलें मोजून वजा करावें, व असें तीन दिवस लिहून ठेवावें. दर किलो वजनास दिवसाकाठीं १०० मिलिलिटरपेक्षां अधिक पाणी लागत असेल तर तें निश्चित जास्त समजावें. आमच्या कुत्र्याचें वजन २२ किलो. म्हणजे मर्यादा २ लिटर २०० मिलिलिटरची. तो ३ लिटर ३०० मिलिलिटर पीत होता. हयातभर सरकारी दप्तरांत नोंदी केल्या, पण इतकी उपयोगाची नोंद क्वचितच झाली असेल. तो कागद पाहतांच डॉक्टरांनीं पुढील तपासणीची दिशा ठरविली.

प्रथम रक्त व लघवी तपासतात. संशय बळावल्यास डेक्सामेथासोनची अल्प मात्रा टोंचून आठ तासांत तीन वेळां रक्त घेतात. निरोगी कुत्र्यांत या सुईनें कॉर्टिसॉल उतरतें. रोग्यांत तें तसें दबून राहत नाहीं. ग्रंथींचा आकार पाहण्यासाठीं पोटाची सोनोग्राफी करितात. या सर्व सोयी तालुक्याच्या दवाखान्यांत असतीलच असें नाहीं. आपल्या भागास उदगीर व परभणी येथील पशुवैद्यक महाविद्यालयें, तसेंच सीमेपलीकडील बिदरचें विद्यापीठ जवळ पडतात. मुंबईचें महाविद्यालय तर १८८६ सालापासून चालू आहे.

उपचारांत हल्लीं मुख्य औषध ट्रायलोस्टेन होय. अमेरिकेंत २००८ सालीं तें कुत्र्यांसाठीं मंजूर झालें. तें ग्रंथींत कॉर्टिसॉल बनण्याची क्रिया रोखतें. गांठ मात्र नाहींशी करीत नाहीं, म्हणून बहुधा जन्मभर द्यावें लागतें. तें खाण्याबरोबर द्यावें. गोळीची टोपी उघडून भुकटी वांटूं नये. गर्भवती स्त्रियांनीं तें हाताळूं नये, इतरांनीं हात धुवावे. सुरू केल्यावर सुमारें दहा ते चौदा दिवसांनीं, नंतर महिन्यानें व पुढें दर तीन महिन्यांनीं रक्त तपासून मात्रा ठरवावी लागते.

येथें एक गोष्ट प्रत्येकानें ध्यानांत ठेवावी. मात्रा अधिक झाली तर शरीरास अवश्य तेवढाहि रस मिळत नाहीं. कुत्रा अन्न सोडतो, ओकतो, हगवण लागते, अंग टाकून देतो. खादाड झालेल्या कुत्र्यानें भाकरी हुंगून तोंड फिरविलें, तर त्या दिवशीं औषध देऊं नये व तत्काळ डॉक्टरांस गांठावें. यांत हयगय झाल्यास जनावर दगावतें.

जुनें औषध मायटोटेन. तें डीडीटीच्या कुळांतील आहे. त्या कुळांतील डीडीडी या द्रव्यानें कुत्र्यांच्या ह्या ग्रंथि झडतात, असें संशोधकांनीं १९४९ सालीं दाखविलें. यावरून कोणी कीटकनाशकाचा प्रयोग घरीं करूं नये. तें विषच आहे. गांठ मूत्रपिंडाजवळील ग्रंथींत असेल व पसरली नसेल, तर शस्त्रक्रियेनें ती काढतां येते; पण तें काम जोखमीचें व मोठ्या रुग्णालयांतच करण्याजोगें आहे.

खर्चाविषयीं स्पष्ट लिहितों. औषध स्वस्त नाहीं. तपासण्याहि वारंवार लागतात. लक्षणें सौम्य असून कुत्रा सुखानें वावरत असेल, तर उपचार लांबवून नुसती देखरेख ठेवावी, असेंहि कांहीं डॉक्टर सांगतात. ज्याला खर्च झेपत नाहीं त्यानें तसें डॉक्टरांस निःसंकोच सांगावें; त्यांत कमीपणा नाहीं. मात्र त्यानेंहि पाणी तोडूं नये, मारूं नये, व निजावयास कोरडी जागा द्यावी.

आमच्या कुत्र्याची तहान महिन्याभरांत उतरली. केस येण्यास पांच महिने लागले. आज तो तेरा वर्षांचा आहे. धांवणें संपलें, पण रात्रीं खळ्यावर पाऊल वाजलें कीं अजून भुंकतो. पाण्याचें भांडें आतां रात्रंदिवस भरलेलें असतें, व तें भरण्याचें काम मी स्वतःकडे ठेविलें आहे.