हरवलेल्या ओळीचा माग

नवरात्रातल्या देवीमुळे ठाण्याचा टेंभी नाका साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. त्याच नाक्यावर, सिव्हिल हॉस्पिटलजवळ, 1879 साली उभं राहिलेलं ‘शाआर हाशामाईम’ हे सिनेगॉग आहे. कोकणातून आलेल्या बेने इस्रायली ज्यू समाजाचं हे प्रार्थनास्थळ. इथल्या प्रार्थनेत जी हिब्रू स्तोत्रं येतात, ती अडीच हजार वर्षांमागच्या जेरुसलेमपर्यंत पोहोचतात. ज्यू लोक त्यांना तेहिलीम म्हणतात, मराठी ख्रिस्ती वाचक स्तोत्रसंहिता म्हणतात. एकूण 150 स्तोत्रं, पाच भागांत वाटलेली. त्यांतली 73 राजा दावीदाच्या नावावर आहेत.

यातलं 145 वं स्तोत्र ज्यू प्रार्थनाक्रमात दिवसातून तीनदा येतं. त्याची रचना अक्षरबद्ध आहे. हिब्रू वर्णमालेत 22 अक्षरं आहेत आणि या स्तोत्रातली प्रत्येक ओळ क्रमाने पुढच्या अक्षराने सुरू होते. आलेफ, बेत, गिमेल असं करत कवी मेमपर्यंत येतो आणि तिथून थेट सामेखवर उडी घेतो. मधल्या ‘नून’ अक्षराची ओळच नाही. बावीस अक्षरं, एकवीस ओळी.

ही उणीव फार जुन्या काळीच लोकांच्या लक्षात आली होती. तिसऱ्या शतकातल्या रब्बी योहानान यांनी दिलेलं कारण ताल्मूद या ज्यू धर्मग्रंथात नोंदलेलं आहे. आमोस या संदेष्ट्याच्या ग्रंथात इस्राएलच्या पतनाचं एक वचन ‘नून’ने सुरू होतं, म्हणून दावीदाने ते अक्षर टाळलं, असं ते म्हणतात. श्रद्धेच्या अंगाने हे उत्तर सुंदर आहे. अभ्यासकांची शंका मात्र सरळ होती. नकलाकाराच्या हातून ओळ सुटली तर नसेल? इसवी सनापूर्वी झालेल्या ग्रीक भाषांतरात ती ओळ होती. ती मूळच्या हिब्रूतून आली की भाषांतरकाराने पदरची घातली, हे ठरवायला जुनी हिब्रू पोथी हवी होती, आणि तशी पोथी कुणाजवळ नव्हती.

ती मिळाली 1956 साली. मृत समुद्राच्या काठी कुमरानच्या डोंगरात बेदुइन मेंढपाळांना एक गुहा सापडली. पुढे तिला अकरा क्रमांक मिळाला. तिच्यातल्या चामड्याच्या एका गुंडाळीत स्तोत्रं होती. 1961 च्या अखेरीस जेरुसलेममध्ये जेम्स सँडर्स या अमेरिकन अभ्यासकाने ती उलगडली आणि 1965 साली छापून प्रसिद्ध केली. अक्षराच्या वळणावरून ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातली ठरते. तिच्यात 145 वं स्तोत्र आहे आणि त्यात ‘नून’ची ओळ आहे.

इथे प्रश्न सुटला असं वाटेल, पण पाठचिकित्सेत एवढ्या सहज निकाल लागत नाही. त्या ओळीचा उत्तरार्ध याच स्तोत्रातल्या सतराव्या ओळीत जसाच्या तसा येतो. शिवाय सगळ्या स्तोत्रात ईश्वराचं जे नाव आलं आहे ते या ओळीत नाही, दुसरंच आहे. म्हणून एक पक्ष म्हणतो, मूळ ओळ हरवली होती आणि ती इथे परत मिळाली. दुसरा पक्ष म्हणतो, कुणा जुन्या लेखकालाही ती पोकळी खटकली आणि त्याने जवळचीच ओळ घेऊन ती बुजवली. दोन्ही बाजूंना मोठे विद्वान आहेत. आजच्या छापील ग्रंथांतही एकमत नाही. ज्यू प्रार्थनापुस्तकांत ती ओळ नाही, काही आधुनिक बायबल-भाषांतरांत ती घेतलेली आहे.

मराठी वाचकाला असा वाद परका वाटू नये. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या, मागाहून घुसलेले पाठ दूर केले आणि यापुढे कुणी पदरच्या ओव्या घालू नयेत, अशी कडक ताकीद दिली. पुढे 1909 साली राजवाड्यांनी एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा मूळ पाठ कोणता यावर नव्याने चर्चा सुरू झाली. तुकारामांच्या गाथेचीही तीच कथा आहे. देवाची वाणी म्हणून जे ओठांवर खेळतं, ते कागदावर माणसांच्या हातून उतरतं, आणि माणसाचा हात चुकतो. हे मान्य करून, तरीही त्या वाणीचा आदर राखून प्रत्येक अक्षर तपासायचं, हे काम पैठणला झालं तसंच जेरुसलेमला होत आलं आहे.

कुमरानच्या गुंडाळीने आणखी एक खळबळ उडवली. तिच्यातल्या स्तोत्रांचा क्रम रूढ क्रमाशी जुळत नाही आणि 150 च्या बाहेरच्या काही रचनाही तिच्यात आहेत. एरवी ग्रीक ग्रंथात आढळणारं 151 वं स्तोत्र इथे हिब्रूत सापडलं. शेवटाकडे एक गद्य टिपण आहे. त्यात दावीदाने रचलेल्या गीतांचा हिशेब दिला आहे: 3,600 स्तोत्रं, वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी 364 गीतं, शनिवारच्या शब्बाथांसाठी 52, अमावास्या आणि सणांसाठी 30, पीडितांसाठी 4, एकूण 4,050. वर्ष 364 दिवसांचं धरलं आहे, म्हणजे ही मंडळी वेगळ्या पंचांगाने चालत होती. इतर मजकूर त्या काळच्या चौकोनी लिपीत असताना ईश्वराचं नाव तेवढं त्याहून प्राचीन हिब्रू लिपीत लिहिलेलं आहे. सँडर्स यांचं म्हणणं असं की पहिल्या शतकात स्तोत्रांचा संग्रह अजून पक्का व्हायचा होता, विशेषतः नव्वदाव्या स्तोत्रापुढचा भाग. विरोधकांच्या मते हा फक्त उपासनेसाठी केलेला निवडक संग्रह होता. भजनी मंडळाच्या वहीत अभंग गाथेच्या क्रमाने नसतात, म्हणून गाथाच ठरलेली नव्हती असं म्हणता येत नाही. विरोधकांचा मुद्दा साधारण हाच आहे, आणि तो सहज बाजूला सारण्याजोगा नाही.

कुमरानची गुंडाळी धरून प्राचीन हिब्रू लेखनात मुख्यतः व्यंजनंच लिहीत. स्वर पाठांतरात असत. गालील सरोवराकाठच्या तिबेरियास गावच्या, पाठपरंपरा जपणाऱ्या मासोरा-पंडितांनी साधारण सातव्या ते दहाव्या शतकात स्वरचिन्हं, विरामचिन्हं आणि पठणाच्या खुणा बसवल्या. आजचा प्रमाण पाठ त्यांच्या मेहनतीवर उभा आहे. त्या परंपरेतली अलेप्पोची पोथी साधारण 930 ची. 1947 च्या दंगलीनंतर तिची बरीच पानं गहाळ झाली. रशियात सेंट पीटर्सबर्गला असलेली आणि अजून लेनिनग्राडच्या नावाने ओळखली जाणारी पोथी इसवी सन 1008 च्या सुमाराची, ती पूर्ण आहे.

याच मालेतल्या तिसऱ्या पोथीचा धागा मुंबईशी जुळतो. ससून घराण्यातले डेव्हिड सॉलोमन ससून 1880 साली मुंबईत जन्मले. त्यांची आई फ्लोरा ससून स्वतः हिब्रूच्या जाणकार होत्या. पतीच्या निधनानंतर मुंबईची पेढी त्यांनी चालवली आणि 1901 मध्ये मुलांसह लंडन गाठलं. मुलाने पेढीपेक्षा पोथ्यांत आयुष्य घातलं. 1929 साली त्यांनी 350 पौंडांना एक जाडजूड हिब्रू बायबल विकत घेतलं. ते साधारण इसवी सन 900 चं आहे. काही पानं गेली असली तरी चोविसही ग्रंथ त्यात आहेत, अर्थात स्तोत्रंही. मे 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला 3 कोटी 81 लाख डॉलर मिळाले आणि आता ते तेल अवीवच्या संग्रहालयात आहे. जगभर त्याला ससून पोथी म्हणतात. भायखळ्याचं सिनेगॉग आणि पुण्याचं लाल देऊळ बांधणाऱ्या घराण्याचं ते नाव आहे.

ठाण्याचा संबंध त्याहून जुना आहे. कैरोच्या एका सिनेगॉगमध्ये, देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही या नियमामुळे, शतकानुशतकं कागद साठत गेले. 1896 नंतर अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतले बहुतेक केंब्रिजला नेले. या ढिगात स्तोत्रांच्या जुन्या प्रतींचे तुकडे आहेत, तशी भारताशी व्यापार करणाऱ्या ज्यू सौदागरांची बाराव्या शतकातली पत्रंही आहेत. त्या पत्रव्यवहारात ठाणे बंदराचं नाव येतं. म्हणजे स्तोत्रांची पानं आणि ठाण्याचा उल्लेख असलेले कागद शेकडो वर्षं एकाच खोलीत पडून होते.

स्तोत्रं वाचायची नव्हती, गायची होती, ही गोष्ट अभ्यासाच्या भरात मागे पडते. जेरुसलेमच्या मंदिरात लेवी गायक आठवड्याच्या प्रत्येक दिवशी ठरलेलं स्तोत्र म्हणत: रविवारी 24 वं, शुक्रवारी 93 वं, शब्बाथला 92 वं. बऱ्याच स्तोत्रांच्या माथ्यावर गायकांसाठी सूचना आहेत. काही ठिकाणी चक्क चालीचं नाव आहे. 22 व्या स्तोत्रावर पहाटेच्या हरिणीचा उल्लेख येतो, तो त्या काळच्या एखाद्या लोकप्रिय गाण्याचा असावा असं पुष्कळ अभ्यासक मानतात. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या पदाचा मुखडा देत, त्याच पद्धतीने. शब्द उरले, चाली विरल्या. मासोरा-पंडितांनी स्तोत्रं, नीतिसूत्रं आणि इयोब या तीन ग्रंथांसाठी पठणखुणांची वेगळी पद्धत केली होती, पण तीही पुष्कळ ज्यू समाजांच्या विस्मरणात गेली.

बेने इस्रायलींच्या बाबतीत तर शब्दही एकदा हातचे गेले होते. अलिबाग, पेण, रेवदंड्याच्या गावांत तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या ‘शनवार तेल्यां’जवळ शतकानुशतकांच्या एकांतवासानंतर शब्बाथ, सुंता, आहाराचे नियम आणि ‘श्मा’ ही प्रार्थना एवढं उरलं होतं. मग कोचीनहून शिक्षक आले. 1832 साली स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. समाजाने व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला.

1846 साली मुंबईत पेसाह सणाला वाचायची हग्गादा ही पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. 1874 साली पुण्यात दुसरी निघाली. तिच्या चित्रांत मराठमोळ्या वेशातल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकऱ्या करताना दिसतात. हग्गादेत 113 ते 118 ही ‘हाल्लेल’ची स्तोत्रं असतातच. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांपासून ही गीतं मराठी ज्यू घरांत मराठीतून समजून घेतली जात आहेत. मुंबईच्या ससून शाळेचे मुख्याध्यापक आणि विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक जोसेफ यहेज्केल राजपूरकर (1834–1905) यांनी एकामागून एक प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. 1880 च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथांची कीर्तनं सुरू केली. ओवी, अभंग, साकी, दिंडी अशा घाटांत हिब्रू पुराणकथा गायल्या जाऊ लागल्या. मराठीच्या इतिहासातला हा पराक्रम आहे, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत त्याला मिळालेली जागा फारच तोकडी आहे.

ज्यू समाजाबाहेर, केडगावच्या मुक्ती सदनात, पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मूळ भाषांतून साध्या मराठीत आणत होत्या. एप्रिल 1922 मध्ये, काम हातावेगळं होता होता, त्यांचं निधन झालं. 1924 साली तो ग्रंथ मुक्ती सदनाच्याच छापखान्यातून पूर्ण छापून निघाला. त्याचे खिळेही तिथल्या स्त्रियांनी जुळवले. संस्कृतात वाढलेल्या मराठी विदुषीने मूळ हिब्रूतून उतरवलेली स्तोत्रं राजपूरकरांच्या भाषांतरांशेजारी ठेवून अजून नीट वाचली जायला हवीत. हा विषय एखाद्या तरुण मराठी अभ्यासकाची वाट पाहतो आहे.

1948 नंतर बेने इस्रायली समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला. मागे राहिलेल्यांची सगळ्यात मोठी वस्ती आज ठाण्यात आणि आसपास आहे. जाताना आणि घरं बदलताना पुष्कळ सामान मागे राहिलं: मराठी-हिब्रू प्रार्थनापुस्तकं, कीर्तनाच्या हस्तलिखित वह्या, आजीने चालीसकट उतरवलेली गाणी. ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत कुणाच्या पेटीत, माळ्यावर किंवा रद्दीच्या दुकानात असं काही दिसलं, तर ते वजनावर जाऊ देऊ नये. आधी प्रत्येक पानाचा फोटो काढावा. कोऱ्या पानांवरची नावं, तारखा आणि समासातल्या खुणाही सोडू नयेत, कारण प्रतीचं वय बहुधा तिथेच कळतं. चाल ठाऊक असलेलं वडीलधारं माणूस घरात असेल तर ती त्यांच्याच आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करावी. मग सिनेगॉगच्या मंडळींना कळवावं, किंवा ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय, हस्तलिखितं जमवणारी ठाण्याची प्राच्यविद्या अभ्यास संस्था यांच्याकडे चौकशी करावी. हे या वर्षीच करावं. चाली ठाऊक असलेली माणसं आता वयाने फार थकली आहेत.