मेम्ब्रेनचा प्रवाह का घटतो?
चीजनिर्मितीतून उरणाऱ्या निवळीतील प्रथिने वेगळी करण्यासाठी अतिसूक्ष्म छिद्रांची मेम्ब्रेन वापरली जाते. केसीनचे कलिल कण आणि प्रथिने कालांतराने तिच्यात अडकतात आणि प्रवाह मंदावतो. अशा वेळी केवळ दाब वाढविल्यास साचलेला थर अधिक घट्ट होऊ शकतो. म्हणून आधी कारण ओळखावे. हर्मिया यांची १९८२ मधील प्रारूपे येथे उपयुक्त ठरतात. लहान नमुन्याची चाचणी स्थिर दाबाखाली घेऊन, लागलेल्या वेळेला गाळलेल्या द्रवाच्या आकारमानाने भागावे. हा भागाकार आकारमानाबरोबर सरळ रेषेत वाढल्यास पृष्ठभागावर थर साचत आहे. वेळेबरोबर सरळ रेषेत वाढल्यास छिद्रे आतून अरुंद होत आहेत. पहिल्या स्थितीत पृष्ठभागालगतचा प्रवाहवेग वाढवावा. दुसरीत उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत अल्कधर्मी द्रावणाने मेम्ब्रेन धुवावी.