लग्नानंतर उरलेलं बी.ए.: नाव कुठं घालायचं?

गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. सून बी.ए.चं पहिलं वर्ष करून सासरी आली, पुढं शिकायचंय, तर नाव कुठं घालायचं? तलाठ्याची किंवा अंगणवाडीच्या मुख्यसेविकेची जागा निघाली की पदवी मागतात, म्हणून घरचेही तयार असतात. गाडी अडते ती विद्यापीठ बदलण्यापाशी.

मंगळवेढ्याची मुलगी जतला दिली असं धरू. तालुक्याला तालुका लागून, पण जिल्हा बदलला. मंगळवेढ्याचं कॉलेज सोलापूर विद्यापीठाचं, जतचं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं. २००४ साली सोलापूरचं वेगळं विद्यापीठ झालं. त्याआधी दोन्ही गावं एकाच विद्यापीठात होती. आता तिच्यापुढं दोन वाटा आहेत. रोज कॉलेजात जाऊन शिवाजी विद्यापीठाची पदवी घ्यायची, नाहीतर घरी अभ्यास करून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची.

मुक्त विद्यापीठाची पदवी हलकी असते, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची पदवी नोकरीला तेवढीच चालते. मात्र ‘एका वर्षात पदवी’ अशी पाटी लावून बसलेल्या दुकानात पाऊल टाकू नका.

मुक्त विद्यापीठाची पुस्तकं मराठीत असतात आणि रोजच्या हजेरीचं बंधन नसतं. कडेवर लेकरू आणि रानात कापूस असेल तर हीच वाट बरी. पण खरं सांगायचं तर, घरी अभ्यास म्हणजे पुष्कळदा अभ्यास नाहीच. पुस्तक उघडलं की चहाची हाक येते. गावातून वेळेवर एस.टी. असेल, घरात लेकराला बघणारं माणूस असेल, तर आम्ही कॉलेजच सुचवतो. २०२३ पासून बायकांना एस.टी.ला अर्धंच तिकीट आहे.

पण याच्याही आधी एक गोष्ट विचारा: माझं झालेलं वर्ष तुम्ही धरणार का? दोन्हीकडं गुणपत्रिका दाखवून विचारा, आणि फी भरण्याआधी उत्तर लेखी घ्या. विषय जुळत नाहीत म्हणून पुन्हा पहिल्या वर्षाला बसवलं, तर एक वर्ष आणि एक फी गेली. जिथं जास्त धरतात तिकडं झुकतं माप द्या.

हल्ली पास झालेल्या विषयांचे श्रेयांक मिळतात, आणि ते डिजिलॉकरवरून उघडता येणाऱ्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा होतात. आपल्या बचतीसारखंच, पण ही ठेव साधारण सात वर्षांपर्यंतच चालते. २०२१-२२ च्या आधी शिकलेल्यांचे श्रेयांक या बँकेत नसतात. त्यांनी जुन्या गुणपत्रिकेवर काय मिळतं ते विचारावं. एटीकेटी असलेल्या विषयाचा श्रेयांक नसतो. तो विषय जुन्याच विद्यापीठात काढून घ्या, मगच स्थलांतर प्रमाणपत्र मागा.

दोन वर्षं झाली असतील तर बदलण्याची घाई नको. श्रेयांक बँकेच्या नियमाप्रमाणे पदवी देणाऱ्या विद्यापीठात निदान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. पदवी १२० श्रेयांकांची धरली, तर दोन वर्षांचे ८० हातात असूनही नव्या ठिकाणी ६० करावे लागतील, म्हणजे वीस वाया. एका सत्राची मेहनत गेली! त्यापेक्षा माहेरी राहून शेवटचं वर्ष उरकता येतं का, हे सासूबाईंशी बोलून बघा.

कागद दोन वेगळे असतात. कॉलेज सोडल्याचा दाखला कॉलेज देतं, स्थलांतर प्रमाणपत्र विद्यापीठ देतं. दुसऱ्याला वेळ लागतो, म्हणून निकाल लागला की लगेच अर्ज टाका.

आणि नाव! गुणपत्रिकेवर माहेरचं, आधारवर सासरचं, मग श्रेयांक बँकेचं खातं जुळत नाही. पदवी होईपर्यंत आधारवरचं नाव बदललं नाही तर बरं. बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा, आणि नावबदलाचं राजपत्र लागेल का तेही विद्यापीठात विचारून घ्या.

ज्यांचं अडलंय त्यांनी गुणपत्रिका, आधार आणि दाखले घेऊन गटाच्या पुढच्या बैठकीला यावं. अर्ज भरताना आम्ही शेजारी बसू.