वाकलेल्या बोटांचं मूळ कोपरापाशी

करंगळी आणि अनामिका आत वळलेल्या. भाताचा घास बोटांतून निसटतो, सदऱ्याचं बटण लागत नाही. कुष्ठरोगाने वाकलेला हा हात वर्धा जिल्ह्याच्या जुन्या ओळखीचा आहे. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम उभारलं. सेवाग्राम आश्रमात कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची कुटी आजही आहे. गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करत. त्या काळात सेवा होती, पण वाकलेली बोटं सरळ करण्याचा उपाय नव्हता. तो सापडला तो हाताची रचना नीट समजल्यावर.

मूठ आवळणारे मोठे स्नायू तळहातात नसतात, ते मनगट आणि कोपर यांच्या मध्ये असतात. त्यांच्या लांब, चिवट कंडरा मनगटावरून बोटांपर्यंत जातात. तळहातातल्या छोट्या स्नायूंचं काम वेगळं: बोट बुडाशी वाकवायचं आणि पुढची दोन पेरं सरळ ठेवायची. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागात, कातडीलगतच्या मज्जातंतूंत ठाण मांडतात. कोपराच्या आतल्या बाजूने, हाडामागून जाणारा अल्नर मज्जातंतू त्यांच्या तावडीत सहज येतो. तो निकामी झाला की छोटे स्नायू लुळे पडतात, मोठे मात्र ओढतच राहतात. जोडीतला एक बैल बसला आणि दुसरा ओढत राहिला, तर गाडी वाकडी जाणारच.

वाकडं बोट दिसलं म्हणजे कुष्ठरोगच, असं मात्र नाही. विळ्याने कंडरा तुटली असेल तर बोट वाकवताच येत नाही. कंडरेवरचं आवरण जाड होऊन बोट अडकत असेल तर ते दुखतं आणि उघडताना खटका बसतो. मधुमेह्यांत हा त्रास जास्त दिसतो. कुष्ठरोगात मात्र बधिरपणा असतो आणि शेवटची दोन बोटं आधी वाकतात. तपासणीला यंत्र लागत नाही. करंगळी बाजूला ताणायला सांगून तिच्यावर हलका दाब द्यायचा. बोटांच्या फटीत कागद धरायला देऊन तो ओढून पाहायचा. डोळे मिटायला सांगून बॉलपेनचं टोक तळहाताला लावायचं. करंगळीचा जोर कमी पडला, कागद सुटला किंवा स्पर्श कळला नाही, तर संशय घ्यायचा.

इथे वेळेला फार किंमत आहे. कमजोरी येऊन सहा महिने व्हायच्या आत प्रेडनिसोलोन हे औषध सुरू झालं तर ताकद परतण्याची बरीच आशा असते. त्यानंतर उरते शस्त्रक्रिया. तामिळनाडूत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ती कुष्ठरुग्णांसाठी विकसित करायला घेतली. अंगठा सोडून प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या दोन कंडरा असतात. त्यांतली मधल्या बोटाची एक सोडवून, तिचे चार पदर करून, ते लुळ्या छोट्या स्नायूंच्या जागी काम करतील असे चारही बोटांना जोडता येतात. कधी मनगट वर उचलणारी कंडरा वापरतात, कारण तिच्या स्नायूच्या मज्जातंतूपर्यंत हा रोग क्वचितच पोचतो.

पण आखडलेल्या सांध्याला कुठलीच कंडरा हलवू शकत नाही. म्हणून आधी हात पाण्यात भिजवणं, तेल लावणं आणि बोटं ताणणं आठवडेच्या आठवडे चालतं. शस्त्रक्रियेनंतर सुमारे तीन आठवडे प्लास्टर. मग मेंदूची शिकवणी सुरू होते. फिजिओथेरपिस्ट सांगतात, ‘मधलं बोट वाकवा,’ आणि रुग्णाची चारही बोटं बुडाशी वाकतात. सरावाने तीच हालचाल अंगवळणी पडते.

हात कामाला लागतो. गेलेली संवेदना मात्र परत येत नाही. ‘बोटं झडतात’ ही समजूत चुकीची असल्याचं ब्रँड यांनीच दाखवून दिलं. बधिर हाताला चटका किंवा जखम कळत नाही आणि दुर्लक्षित जखमांनीच बोटं झिजतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही तवा फडक्याने धरायचा आणि रोज रात्री हात उजेडात तपासायचा.

कुष्ठरोगावरचे बहुऔषधी उपचार देशात ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाले, त्यांत वर्धा होता. आज ही औषधं सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. अंगावर फिकट, बधिर चट्टा असेल किंवा करंगळीत जोर उरला नसेल, तर आशाताईंना लगेच सांगावं. निदान वेळेत झालं, तर बहुतेक हातांवर शस्त्रक्रियेची वेळच येणार नाही.