मोटारीतील एलईडी सजावटी प्रकाशयोजना

मोटारीतील एलईडी सजावटी प्रकाशयोजना म्हणजे मोटारगाडीच्या अंतर्भागात प्रकाश उत्सर्जक डायोडांच्या साहाय्याने केलेली मंद, बहुधा रंगीत रोषणाई होय. पाय ठेवण्याची जागा, डॅशबोर्डची कड, दारांतील कप्पे आणि आसनांखालील पोकळी ही तिची नेहमीची स्थाने आहेत. छतावरील दिवा वाचण्यासाठी किंवा वस्तू शोधण्यासाठी असतो. ही रोषणाई मुख्यतः शोभेसाठी असते. व्यवहारात तिला 'अँबियंट लाइट' असे म्हणतात. काही गाड्यांत ती कारखान्यातूनच बसवून येते. इतर गाड्यांत मालक ती ॲक्सेसरीजच्या दुकानातून किंवा ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतात. अशा रोषणाईची योग्यता प्रामुख्याने एका गोष्टीवर ठरते: तिच्यामुळे रात्री चालकाला बाहेरचा रस्ता कमी दिसतो की नाही. घाटरस्ते आणि हंगामी ऊसवाहतूक असलेल्या सातारा व सांगली या जिल्ह्यांत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे.

इतिहास

विजेमुळे स्फटिकातून प्रकाश बाहेर पडतो, असे निरीक्षण हेन्री राउंड या ब्रिटिश अभियंत्याने इ.स. १९०७ मध्ये नोंदवले. १९२० च्या दशकात रशियातील ओलेग लोसेव्ह याने या परिणामाचा पद्धतशीर अभ्यास केला. १९६२ मध्ये अमेरिकेतील निक होलोन्याक याने दृश्य तांबडा प्रकाश देणारा डायोड तयार केला. त्यानंतर दीर्घकाळ मोटारींत एलईडीचा उपयोग डॅशबोर्डवरील लहान सूचकदिव्यांपुरता मर्यादित होता. आतील उजेडासाठी तापलेल्या तारेचे दिवेच वापरले जात.

निळा प्रकाश देणारा प्रखर डायोड १९९० च्या दशकात साध्य झाला. इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना या कार्यासाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तांबडा, हिरवा व निळा हे तिन्ही घटक उपलब्ध झाल्याने त्यांच्या मिश्रणातून हवा तो रंग मिळू लागला. २०१३ मध्ये सादर झालेल्या मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लास गाडीत तारेचा एकही दिवा नव्हता. तिचे सर्व दिवे एलईडीचे होते. भारतात २०१९ मध्ये आलेल्या किआ सेल्टोस या गाडीच्या वरच्या श्रेणीत संगीताच्या तालावर बदलणारी रोषणाई देण्यात आली. चिकट पाठीच्या स्वस्त एलईडी पट्ट्या बाजारात आल्यावर ही सजावट लहान गाड्यांपर्यंत पोहोचली.

रचना

सर्वाधिक प्रचलित साधन म्हणजे लवचीक एलईडी पट्टी. तांब्याचे मार्ग असलेल्या पातळ पट्टीवर ठरावीक अंतराने एलईडी बसवलेले असतात. '५०५०' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एलईडीची लांबी व रुंदी प्रत्येकी ५ मिलिमीटर असते आणि तिच्या आत तीन स्वतंत्र डायोड असतात. १२ व्होल्टच्या पट्टीत सामान्यतः तीन एलईडी एकापुढे एक जोडून त्यांच्यासोबत प्रवाह मर्यादित करणारे रोधक बसवतात. म्हणूनच अशी पट्टी दर तीन एलईडींनंतर आखलेल्या खुणेवरच कापता येते. खूण सोडून कापल्यास तो तुकडा पेटत नाही.

दुसऱ्या प्रकारात प्रकाशतंतू वापरतात. तंतूच्या एका टोकाशी एलईडी असतो आणि प्रकाश तंतूच्या संपूर्ण लांबीतून बाजूने पाझरतो. यामुळे ठिपक्यांऐवजी अखंड रेषा दिसते. तिसरा प्रकार यूएसबी जोडणीवर चालणाऱ्या ५ व्होल्टच्या लहान दिव्यांचा आहे. तो बसवण्यासाठी गाडीच्या वायरिंगला हात लावावा लागत नाही.

विजेचा हिशेब

मोटारीची विद्युतप्रणाली १२ व्होल्टची म्हणून ओळखली जात असली, तरी इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे दाब साधारणपणे १३.५ ते १४.५ व्होल्टपर्यंत जातो. या फरकाचा परिणाम मोठा असतो. निळ्या किंवा पांढऱ्या डायोडला सुमारे ३.२ व्होल्ट लागतात. तीन डायोडांना ९.६ व्होल्ट. १२ व्होल्ट असताना रोधकाच्या वाट्याला २.४ व्होल्ट येतात, तर १४.२ व्होल्ट असताना ४.६ व्होल्ट. म्हणजे दाब एक-षष्ठांशापेक्षा किंचित अधिक वाढतो, पण प्रवाह जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. घरगुती सजावटीसाठी बनवलेली पट्टी गाडीत लवकर तापते व निकामी होते, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. मोटारीसाठी बनवलेली पट्टी किंवा दाब स्थिर ठेवणारा नियामक वापरल्यास हा दोष टळतो.

मीटरमागे ६० एलईडी असलेली ५०५० प्रकारची पट्टी पूर्ण तेजाने सुमारे १४.४ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर १.२ अँपिअर प्रवाह घेते. चारही आसनांच्या पायांजवळ मिळून दीड मीटर पट्टी लावल्यास प्रवाह १.८ अँपिअर होतो. त्यासाठी ३ अँपिअरचा जांभळा फ्यूज पुरेसा असतो. फ्यूजची क्षमता तारेला सोसणाऱ्या प्रवाहापेक्षा नेहमी कमी असावी लागते. वारंवार उडतो म्हणून त्याजागी मोठ्या क्षमतेचा फ्यूज घातल्यास दोष असलेल्या ठिकाणी तार तापते आणि आग लागण्याचा धोका उत्पन्न होतो.

तीच दीड मीटरची पट्टी रात्री दहा तास चुकून चालू राहिली, तर १८ अँपिअर-तास वीज खर्च होते. लहान मोटारीची बॅटरी सुमारे ३५ अँपिअर-तासांची असते. सकाळी इंजिन सुरू न होण्यास एवढा खर्च पुरेसा ठरू शकतो.

बसविण्याची पद्धत

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीच्या ऋण अग्राची जोडणी काढतात. एअरबॅगच्या प्रणालीत काही काळ वीज साठून राहते, म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला अवधी जाऊ देणे आवश्यक असते. त्यानंतरचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात.

१. जागेची निवड: पट्टी अशा ठिकाणी लावतात की एलईडी स्वतः न दिसता केवळ त्यांचा परावर्तित उजेड दिसेल. डॅशबोर्डच्या खालच्या कडेमागची आणि आसनांखालची जागा यासाठी सोयीची असते.

२. तारांचा मार्ग: तार कार्पेटखालून आणि दाराच्या उंबऱ्यावरील प्लॅस्टिकच्या पट्टीखालून नेतात. ब्रेक, क्लच व ॲक्सिलरेटरची पायपट्टी, स्टिअरिंगचा दांडा आणि आसन सरकण्याचे रूळ यांच्याजवळून तार नेत नाहीत. सैल झालेली तार पायपट्टीत अडकल्यास ब्रेक दाबण्यात अडथळा येऊ शकतो.

३. वीजजोडणी: फ्यूज बॉक्समध्ये बसणारा 'फ्यूज टॅप' वापरून किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या मंडलातून वीज घेतात. त्यामुळे गाडी बंद केल्यावर रोषणाईही बंद होते. एअरबॅग, ब्रेकची एबीएस यंत्रणा आणि इंजिन नियंत्रण यांच्या फ्यूजवरून वीज घेणे वर्ज्य आहे. मूळ तार सोलून तिला नवी तार गुंडाळण्याची पद्धत सर्रास आढळते. परंतु असा जोड धक्क्यांनी सैल होतो आणि ठिणग्या पडण्याचा संभव असतो.

४. अर्थिंग: ऋण तार गाडीच्या धातूच्या सांगाड्यावरील स्वच्छ, रंगविरहित बोल्टला घट्ट बसवतात.

५. चिकटवणे: पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा झाल्यावर पट्टी चिकटवतात व आवश्यक तेथे क्लिप लावतात. जोड सोल्डर करून त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवतात.

पुढील काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब आणि छताची कड येथे पट्टी लावू नये. अनेक गाड्यांत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग याच भागात घडी घालून ठेवलेली असते. अपघातात ती सेकंदाच्या काही शतांश भागात उघडते. वर चिकटवलेली पट्टी तिला अडवू शकते किंवा तिच्या वेगाने प्रवाशांच्या अंगावर फेकली जाऊ शकते. एअरबॅगच्या तारांचे आवरण किंवा जोड सामान्यतः पिवळे असतात. त्यांना हात लावला जात नाही.

चालकाच्या दृष्टीवरील परिणाम

अंधाराला सरावण्यासाठी डोळ्यांना वेळ लागतो. पूर्ण सराव होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, तर तेजस्वी प्रकाश पडल्यास तो सराव क्षणात मोडतो. मंद उजेडात दृष्टिपटलातील दंडपेशी कार्य करतात. त्या निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक आणि तांबड्या प्रकाशाला अत्यल्प प्रतिसाद देतात. अंधारात निळे रंग तुलनेने उजळ दिसतात ही गोष्ट चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदवली; ती 'पुर्किन्ये परिणाम' म्हणून ओळखली जाते. बाजारात निळी व जांभळी रोषणाई लोकप्रिय असली, तरी रात्रीच्या दृष्टीला तीच सर्वाधिक बाधक ठरते. मंद पिवळसर-नारिंगी प्रकाश त्यामानाने सौम्य असतो.

दुसरा परिणाम परावर्तनाचा आहे. साधी काच तिच्यावर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के, म्हणजे दोन्ही मिळून जवळजवळ ८ टक्के प्रकाश परत फेकते. तिरप्या कोनात हे प्रमाण वाढते. बाहेर गडद अंधार असताना एवढे परावर्तनही काचेवर ठळक प्रतिमा उमटवते आणि त्या प्रतिमेमागील अंधूक वस्तू झाकली जाते. बाजूच्या काचेत असे प्रतिबिंब पडल्यास आरसा नीट दिसत नाही. लुकलुकणारी किंवा संगीताच्या तालावर बदलणारी रोषणाई लक्ष विचलित करते, म्हणून ती गाडी उभी असतानाच वापरणे इष्ट ठरते.

बसवलेली रोषणाई तपासण्याची एक सोपी रीत आहे. रात्री दिवे नसलेल्या मोकळ्या जागी गाडी उभी करून चालकाच्या आसनावर बसावे आणि रोषणाई चालू-बंद करून पाहावी. पुढील किंवा बाजूच्या काचेत तिचे प्रतिबिंब दिसत असेल, तर तेज कमी करणे किंवा पट्टीची जागा बदलणे आवश्यक आहे.

सातारा व सांगली परिसरातील परिस्थिती

पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ सातारा व कराडवरून जाऊन पुढे सांगली जिल्ह्याच्या पश्चिम भागातून कोल्हापूरकडे जातो. या पट्ट्यात कृष्णाकाठी ऊस हे प्रमुख पीक आहे. रेठरे बुद्रुक, यशवंतनगर, साखराळे आणि सांगली येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या गळीत हंगामात ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून आणि बैलगाड्यांतूनही रात्रंदिवस ऊस वाहिला जातो. ट्रॉलीच्या मागे दिवा नसल्यास किंवा परावर्तक उसाच्या वाड्यांनी झाकला गेल्यास ती अंधारात जवळ येईपर्यंत दिसत नाही. हंगामाच्या प्रारंभी परिवहन कार्यालये व कारखाने ट्रॉल्यांना परावर्तक लावण्याच्या मोहिमा घेतात. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. काचेवरील निळ्या प्रतिबिंबामुळे ट्रॉली एक सेकंद उशिरा दिसली, तर ब्रेक दाबण्यापूर्वीच एवढे अंतर संपलेले असते.

खंबाटकी, पसरणी व कुंभार्ली या घाटांत वळणापलीकडील वाहनाची चाहूल पुष्कळदा त्याच्या दिव्यांच्या मंद आभेवरूनच लागते. पावसाळ्यात महाबळेश्वर, पाचगणी व पाटण भागांत धुके असते आणि काचेवर आतून बाष्प साचते. बाष्पाच्या थरावर आतील प्रकाश विखुरला जाऊन काच दुधाळ दिसू लागते. अशा वेळी रोषणाई पूर्ण बंद ठेवणेच योग्य असते.

हवामानाचा परिणाम साधनांच्या टिकाऊपणावरही होतो. पश्चिमेकडील अतिवृष्टीच्या भागात ओल्या चपलांमुळे कार्पेट दमट राहते व उघडे जोड गंजतात. पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी व जत या कोरड्या तालुक्यांत उन्हात उभ्या गाडीच्या उष्णतेने पट्टीचा चिकटपणा जातो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेच्या पुराचे पाणी सांगली शहरात शिरले होते. पाण्यात बुडालेल्या गाडीत बॅटरी पुन्हा जोडण्यापूर्वी नंतर बसवलेल्या तारा व त्यांचा फ्यूज काढून टाकणे सुरक्षित असते.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ ग्राह्य धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ वाहनाच्या पुढील बाजूस तांबडा आणि मागील बाजूस तांबड्याखेरीज अन्य प्रकाश दाखवण्यास मनाई करतो; वाहनाच्या अंतर्गत प्रकाशास मात्र त्यात अपवाद केलेला आहे. ही सवलत गाडीच्या आतील उजेडापुरती आहे. चाकांजवळ, गाडीच्या तळाशी किंवा पुढील जाळीमागे लावलेले रंगीत दिवे तिच्या कक्षेत येत नाहीत. तांबड्या, निळ्या व पांढऱ्या रंगांचे बहुरंगी दिवे आपत्कालीन सेवेच्या वाहनांसाठी राखीव आहेत. त्यामुळे दुरून तसा भास निर्माण करणारी प्रखर, लुकलुकणारी रोषणाई टाळणे आवश्यक ठरते.

विमा व वॉरंटी

नंतर बसवलेल्या विद्युत उपकरणांचे मूल्य विमा पॉलिसीत स्वतंत्रपणे नोंदवावे लागते; न नोंदवलेल्या उपकरणाची भरपाई सामान्यतः मिळत नाही. मूळ वायरिंग कापल्यास विद्युतप्रणालीवरील वॉरंटी नाकारली जाऊ शकते. म्हणून काम झाल्यावर दुकानदाराकडून साहित्य व जोडणी यांचे बिल घेऊन ते जपून ठेवणे मालकाच्या हिताचे असते.