टाइप करणारा काटा

कापसाने भरलेला आयशर धरमकाट्यावर चढतो. खोलीतल्या इंडिकेटरवरचे तांबडे आकडे थोडे हलतात आणि १२,४६० वर थांबतात. शेजारच्या संगणकावर बसलेला ऑपरेटर तो आकडा वाचतो आणि टाइप करतो १२,६४०. चार आणि सहा यांची जागा बदलली, बाकी सगळं बरोबर. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. त्या हिशेबाने १८० किलोंचा हा फरक १४,५९८ रुपयांचा होतो. चूक भरल्या गाडीच्या काट्यात झाली तर पैसे जिनिंगवाल्याचे जातात, रिकाम्या गाडीच्या काट्यात झाली तर शेतकऱ्याचे.

बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या पट्ट्यात असे काटे बरेच आहेत आणि हंगामात त्यांना उसंत नसते. इंडिकेटर आणि संगणक एकाच टेबलावर असतात. तरीही आकडा एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाण्यासाठी एका थकलेल्या माणसाचे डोळे आणि बोटं वापरतो. कारण साधं आहे. पावतीचा प्रोग्राम कोणीतरी कधीकाळी लिहून दिलेला असतो. त्यात वजनासाठी एक रिकामा चौकोन असतो आणि तो चौकोन फक्त कीबोर्डचं ऐकतो. प्रोग्राम बदलायचा तर तो लिहिणाऱ्याला शोधा, पैसे द्या, वाट पाहा.

यावरचा उपाय तळहातावर मावणारा आहे. सिरियल-टू-कीबोर्ड अडॅप्टर एका टोकाने काट्याचा आकडा घेतो आणि दुसऱ्या टोकाने संगणकाला सांगतो की मी कीबोर्ड आहे. चौकोनात १२,४६० आपोआप उमटतं. प्रोग्रामला काही कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. जुने अडॅप्टर कीबोर्डची वायर सोडवून मध्येच पाचरीसारखे बसवत, म्हणून या प्रकाराला कीबोर्ड वेज हे नाव पडलं.

आता हा आकडा मुळात येतो कुठून ते पाहू. काट्याच्या प्लॅटफॉर्मखाली पोलादी लोडसेल असतात आणि त्यांवर स्ट्रेनगेज चिकटवलेले असतात. वजनाने पोलाद किंचित दबतं, गेजमधल्या बारीक तारेची लांबी बदलते, तिचा विद्युतरोध बदलतो. लोडसेलला दहा व्होल्ट दिले तर पूर्ण भाराला परत येणारा संकेत साधारण वीस मिलिव्होल्टचा असतो. इंडिकेटर तो वाढवतो, त्याचे अंक करतो आणि मागच्या नऊ पिनांच्या पोर्टवर पाठवतो.

हा पोर्ट म्हणजे आरएस-२३२. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने हे मानक १९६० मध्ये आणलं, ते टेलिप्रिंटर आणि मोडेम यांच्यासाठी. नव्या लॅपटॉपवरून तो कधीच गायब झाला. काटे, प्रयोगशाळेतली यंत्रं, कारखान्यातले कंट्रोलर यांनी मात्र त्याला सोडलेलं नाही. बरंच केलं, असं माझं मत आहे. एक तार पाठवायला, एक घ्यायला, एक सामाईक, इतक्यात काम भागतं आणि बिघाड शोधायला साधा मल्टिमीटर पुरतो. उणे तीन ते उणे पंधरा व्होल्ट म्हणजे एक, अधिक तीन ते अधिक पंधरा म्हणजे शून्य. बिट एकामागून एक जातात. प्रत्येक अक्षराआधी सुरुवातीचा एक बिट, शेवटी थांब्याचा एक. त्यामुळे आठ बिटांचं अक्षर दहा बिटांचं होतं आणि ९६०० च्या वेगाला सेकंदाला ९६० अक्षरं जातात. वजन सांगायला हा वेग भरपूर झाला.

खरी गंमत पुढे आहे. सिरियल तारेवरून अक्षर जातं, कीबोर्डवरून अक्षर जातच नाही. कीबोर्ड फक्त सांगतो की अमुक जागेची कळ दाबली आणि आता सोडली. त्या जागेवर कोणतं अक्षर आहे हे संगणक ठरवतो. म्हणून ‘१’ हा अंक सिरियल तारेवर ४९ असतो. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या गोल पीएस/२ पोर्टवर त्याची कळ २२ क्रमांकाने ओळखली जाते आणि यूएसबीवर ३० ने. अडॅप्टरमधली चिप हेच भाषांतर करते. ४९ आला की ३० क्रमांकाची कळ दाबल्याचं कळवायचं, लगेच सोडल्याचं कळवायचं, मग पुढचा अंक. शेवटी एंटर.

याचा एक परिणाम मराठी संगणकांवर हमखास दिसतो. बरेच इंडिकेटर आकड्यापुढे इंग्रजी केजी ही दोन अक्षरंही पाठवतात. संगणकावर इन्स्क्रिप्टची मराठी मांडणी चालू राहिली असेल तर ‘के’च्या कळेवर क आहे आणि ‘जी’च्या कळेवर उकार. झालं, किलोऐवजी ‘कु’ उमटतो. काही मांडण्यांत अंकही देवनागरी उमटतात आणि ते अंक पावतीच्या प्रोग्रामला ओळखू येत नाहीत. अक्षरं गाळण्याची सोय चांगल्या अडॅप्टरमध्ये असते, ती चालू करावी. अंक उजवीकडच्या अंकपट्टीच्या कळांचे म्हणून पाठवले तर मांडणीची कटकट उरत नाही. मात्र नम-लॉक बंद असेल तर त्याच कळा बाण आणि होम-एंड होतात आणि कर्सर पळत सुटतो.

बसवताना क्रम महत्त्वाचा. आधी अडॅप्टर बाजूला ठेवून इंडिकेटर काय बोलतो ते ऐकावं. त्याच्या मेनूत किंवा माहितीपत्रकात वेग, डेटा बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट दिलेले असतात. नेमके तेच अडॅप्टरमध्ये भरायचे. एक बाजू २४०० वर आणि दुसरी ९६०० वर असेल तर पडद्यावर कचरा दिसतो. काहीच दिसत नसेल तर तार सरळ की उलटी हा प्रश्न असतो. पाच नंबरची पिन सामाईक. तिच्या तुलनेत दोन आणि तीन या पिना मल्टिमीटरने तपासा. इंडिकेटर गप्प असताना ज्या पिनेवर स्थिर उणे व्होल्टेज दिसेल, ती पाठवणारी. ती अडॅप्टरच्या घेणाऱ्या पिनेला जायला हवी. पुट्टीसारख्या टर्मिनल प्रोग्राममध्ये आकडे नीट वाचता आले की अर्ध्याहून जास्त काम झालं.

त्यानंतर इंडिकेटरचं सततचं प्रसारण बंद करा. अनेक इंडिकेटर सेकंदाला कितीतरी वेळा वजन ओरडत राहतात. मोठ्या बाहेरच्या डिस्प्लेला ते ठीक, पण कीबोर्ड बनलेल्या अडॅप्टरमार्फत तसंच आलं तर पडदा आकड्यांनी भरून जाईल. प्रिंटची कळ दाबल्यावर आणि वजन स्थिर झाल्यावर एकदाच पाठवा, अशी सेटिंग असते. गाडी डुलत असताना घेतलेला आकडा कितीही सफाईने टाइप झाला तरी चुकीचाच.

अडॅप्टर न घेता हे काम प्रोग्रामनेही होतं. यूएसबी-सिरियल केबल लावायची, संगणकाला एक कॉम पोर्ट मिळतो, आणि मागे चालणारा छोटा प्रोग्राम तिथले आकडे कळांमध्ये बदलतो. खर्च कमी. पण विंडोज बदलली, केबल दुसऱ्या भोकात लावली, पोर्टचा नंबर बदलला, की हंगामाच्या ऐन गर्दीत काम थांबतं. या मार्गात विंडोजची एक जुनी खोडही भेटते. संगणक सुरू होताना काटा सतत आकडे पाठवत असेल तर विंडोजला वाटतं की सिरियल माउस जोडलाय. मग बाण पडद्यावर वेड्यासारखा नाचतो, आपोआप क्लिक होतात, आणि ऑपरेटर व्हायरस म्हणून अँटिव्हायरस चालवत बसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो खोटा माउस बंद करणं हा त्यावरचा उपाय. स्वतंत्र अडॅप्टर या भानगडींपासून दूर असतो. काट्यासाठी मी तोच सुचवीन.

हे यंत्र घरी बनवणंही अवघड नाही. आर्डुइनो लिओनार्डो या स्वस्त बोर्डवरची एटीमेगा ३२यू४ ही चिप संगणकाला थेट यूएसबी कीबोर्ड म्हणून दिसू शकते. तिच्या आणि काट्याच्या मध्ये मॅक्स२३२ जातीची चिप हवीच. ती आरएस-२३२ चे अधिक-उणे व्होल्ट पाच व्होल्टच्या हिशेबात आणते, नाहीतर बोर्ड जळतो. बडनेऱ्यात प्रा. राम मेघे यांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, ते १९८३ मध्ये सुरू झालं. तिथल्या मुलांनी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प निवडताना आजूबाजूच्या काट्यांकडे पाहायला हरकत नाही. शिवाय आपल्याकडे वळवाच्या विजा काय करतात हे त्यांना ठाऊक असतं. मैदानातल्या काट्यापासून आलेल्या तारेत विजेचा थेट जोड तोडणारा ऑप्टो-आयसोलेटर घातला तर निदान संगणक वाचण्याची शक्यता वाढते.

आता या युक्तीची दुसरी बाजू. कीबोर्डच्या पोर्टवर कोण टाइप करतंय हे संगणक विचारत नाही. त्यामुळेच ही सगळी सोय शक्य झाली. विंडोज ९५ मध्ये सिरियल कीज नावाची सुविधा होती. ज्यांना हातांनी कीबोर्ड वापरता येत नाही, त्यांनी फुंकरीने किंवा एका बटणाने चालणारं आपलं उपकरण सिरियल पोर्टला जोडावं आणि त्याची अक्षरं संगणकाने कळा म्हणून स्वीकारावीत, ही कल्पना त्यामागे होती. किराणा दुकानातला बारकोड स्कॅनरही बहुतेक वेळा याच आंधळ्या विश्वासावर चालतो.

हाच विश्वास घातही करतो. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल या जर्मन संशोधकांनी बॅडयूएसबी नावाने दाखवून दिलं की साध्या पेनड्राइव्हचं आतलं सॉफ्टवेअर बदललं तर तो कीबोर्ड असल्याचं भासवून हवे ते आदेश टाइप करू शकतो. काट्यापुरतं बोलायचं तर धोका याहून साधा आहे. आकडा कर्सर असेल तिथे जातो. ऑपरेटरने व्हॉट्सॲप उघडं ठेवलं असेल तर गाडीचं वजन मित्राला पोहोचतं. आणि चौकोनात आलेला आकडा काट्याने टाइप केला की माणसाने, हे प्रोग्रामला कधीच कळत नाही. १२,४६० आल्यावर कोणी बॅकस्पेस मारून १२,२६० केलं तरी पावती तितक्याच ऐटीत छापली जाते.

म्हणून हा अडॅप्टर नजरचूक टाळतो, लबाडी टाळत नाही. लबाडी टाळायची तर प्रोग्रामनेच थेट पोर्ट वाचावा, वजनाचा चौकोन हाताने बदलता येऊ नये, आणि बदलला तर त्याची नोंद राहावी. मोठ्या जिनिंगमध्ये हे करण्याचा खर्च परवडण्यासारखा आहे आणि तिथे अडॅप्टरवर भागवणं मला पटत नाही. लहान काट्यावर, जिथे आज सगळंच हाताने चाललंय, तिथे अडॅप्टर ही मोठी सुधारणा ठरेल.

माल विकणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं. वैधमापनशास्त्र विभाग काट्याची दरवर्षी पडताळणी करून शिक्का देतो, पण त्यापुढच्या वायरीला आणि पावतीच्या प्रोग्रामला ती पडताळणी लागू आहे असं धरून चालू नका. गाडी काट्यावर असतानाच बाहेरच्या डिस्प्लेवरचा आकडा मोबाइलमध्ये टिपून घ्या, भरल्या काट्याचाही आणि रिकाम्याचाही. पावतीवर वेगळा आकडा दिसला तर जागेवरच दुसऱ्यांदा काटा करायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.