वाळूघाटाचा हिशेब नदीच्या हाती

शहरात वाळूचा भाव ब्रासमध्ये सांगितला जातो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. ही वाळू ज्या नदीपात्रातून येते, त्या घाटाच्या नियोजनात मात्र पात्रात आज किती वाळू आहे, याहून येत्या पावसाळ्यात नदी किती वाळू परत आणून टाकील, हा प्रश्न महत्त्वाचा असतो.

समजा, २०० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद घाटात एक मीटर खोलीपर्यंत उत्खनन करावयाचे आहे. त्यातून १० हजार घनमीटर, म्हणजे साडेतीन हजार ब्रास वाळू निघेल. पण पावसाळ्यात तेथे ३० सेंटिमीटरचाच थर साचत असेल, तर भरून येते ती तीन हजार घनमीटर, जेमतेम एक हजार ब्रास. बाकीची वाळू ही नदीची मुद्दल होय. हा थर कळण्यासाठी पावसाळ्याच्या आधी व नंतर, त्याच ठरावीक रेषांवर पात्राची पातळी मोजावी लागते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०१६ व २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी या पुनर्भरणाच्या अभ्यासावर मोठा भर दिला आहे. धरणाखालच्या घाटांबाबत तर तो टाळताच येत नाही. जायकवाडीसारख्या जलाशयात वरून येणारी जाड वाळू अडते आणि खालच्या पात्राची भिस्त ओढे व उपनद्यांवर राहते. तेथे धरणापूर्वीचे अंदाज निरुपयोगी ठरतात.

खोलीची मर्यादा तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, यांपैकी जी आधी लागेल ती. हे बंधन केवळ कागदी नाही. वाळूच्या थरात साधारण एक तृतीयांश जागा पोकळ असते आणि तीत पाणी साठते. उन्हाळ्यात पात्रात खणलेले झिरे आणि काठच्या विहिरी याच साठ्यावर तग धरतात.

पुलाजवळचा नियम वाचकाला उलटा वाटण्याजोगा आहे. घाट पुलाच्या वरच्या अंगास असेल तर किमान २५० मीटर अंतर पुरते. खालच्या अंगास मात्र ते ५०० मीटर लागते, आणि पुलाचा गाळा मोठा असेल तर दोन्ही अंतरे आणखी वाढतात. कारण असे की, पूर आला की खड्ड्याची वरची कड ढासळू लागते आणि खड्डा प्रवाहाविरुद्ध मागे सरकत जातो. पूल त्याच वाटेवर असला, तर त्याच्या पायाखालचा आधार निघून जातो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये लहान घाटांनाही पर्यावरण अनुमती आवश्यक ठरविली. महाराष्ट्रात विक्रीची पद्धत तर वारंवार बदलली: २०२३ मध्ये शासकीय डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचे ठरले, २०२५ मध्ये पुन्हा लिलावाची वाट धरली गेली. धोरण कोणतेही असो, त्याने पात्रातला थर जाड होत नाही.

वाहतुकीचे गणितही याच थराशी बांधलेले असते. तीन ब्रासच्या वाहनाच्या दिवसाला २० फेऱ्या धरल्या, तर वरील घाटाचे एक हजार ब्रास सतरा-अठरा दिवसांत संपतात. अशा घाटावर उन्हाळाभर गाड्यांची रांग दिसत असेल, तर तिसऱ्या आठवड्यापासून तेथे काय भरले जात आहे, हे तहसील कार्यालयाने पाहावयास हवे.